आमच्या गल्लीत आलेले पाहुणे

बाहेरगावचा पाहुणा नागपूर पाहायला आला म्हणजे आपण त्याला कुठे नेतो? दीक्षाभूमीला नेतो, आणि नेलेच पाहिजे. मग फुटाळा तलाव, झीरो माईलचा खांब, वेळ असेल तर रामटेक. सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी सामान्यांना उघडतो. पाहुण्याचे नशीब जोरावर असेल तर तेही दर्शन घडते. परंतु महाल आणि इतवारी? तिकडे आपण पाहुण्याला पाहायला नेत नाही, खरेदीला नेतो. लग्नाचा बस्ता, सोन्याचा एखादा डाग, घाऊक किराणा. काम आटोपले की त्याला ऑटोत बसवतो आणि आपणच वर म्हणतो, "लय गर्दी हाये बाप्पा इथं!"

युरोपातील शहरांची तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे म्हणतात. मी युरोप पाहिलेला नाही. आमच्या घरात पारपत्र कुणाजवळ नाही, पदवीसुद्धा अजून कुणाजवळ नाही. तरी मराठी प्रवासवर्णने वाचणाऱ्याला आणि हल्ली मोबाईलवर चित्रफिती पाहणाऱ्याला ते दृश्य अपरिचित नाही. रोम असो की प्राग, गावाच्या जुन्या भागात एका चौकात माणसे जमतात, हातात छत्री उंच धरलेला वाटाड्या पुढे चालतो, आणि दोन-अडीच तास पायी फिरून तो आपले शहर दगडादगडाने समजावून देतो. ज्या गावाला आपल्या जुन्या गल्ल्यांची लाज वाटत नाही, त्या गावातच हे होऊ शकते, असे मला ते पाहताना नेहमी वाटे.

आता हा प्रकार नागपुरातही आला आहे. गेल्या हिवाळ्यात अशाच एका पदयात्रेत मी आणि माझ्या दोन मैत्रिणी गेलो होतो. इंग्रजीत तिला 'हेरिटेज वॉक' म्हणतात. शुल्क होते, विद्यार्थ्यांना सवलत होती. पंचवीसेक माणसे होती. बहुतेक धरमपेठ, सिव्हिल लाईन्सकडची, काही पुण्या-मुंबईहून आलेली. त्या अनुभवावरून काही विचार मनात आले, ते आपल्यापुढे मांडावेत म्हणून हा लेख.

प्रथम त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ज्यांनी आम्हांला फिरवले त्यांना माहिती भरपूर होती आणि ती ते मनापासून सांगत होते. गांधीगेटपाशी, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजापाशी, आरंभ झाला. आपल्यापैकी शेकडो जण रोज त्या दरवाजाखालून जातात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या जोडून हे नगर वसवले. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाने राजधानी इथे आणली, शहराला तट बांधला आणि शेजारी तलाव केला, तोच आजचा गांधीसागर. चांद सुलतान १७३९ मध्ये वारल्यावर गादीचा तंटा झाला, विधवा राणीने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले, आणि मदतीला आलेले भोसले १७४३ पासून इथले धनीच झाले. गोंड राजा नावापुरता राहिला. हे सारे आपल्याला शाळेत चार ओळींत उरकून शिकवले होते. दरवाजाखाली उभे राहून ऐकताना ते निराळे वाटते, हे मान्य केलेच पाहिजे.

त्याहून मला आवडली ती १८१७ ची हकीकत. सीताबर्डीच्या टेकड्यांवरची २६ आणि २७ नोव्हेंबरची लढाई आपल्याला ठाऊक असते. तिथे आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि आपला इतिहास तिथेच मिटतो. पण शहर त्यानंतरही पडले नव्हते. भोसल्यांच्या पदरी असलेले अरब शिपाई तटाच्या आत ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी याच जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला आणि तो फसला. शेवटी अटी मान्य करून घेऊनच ते अरब डिसेंबर संपताना बाहेर पडले. राजा शरण गेल्यावरही एका दरवाजाने दम धरला, आणि आपण त्याच दरवाजाजवळ पाणीपुरी खातो! (खाऊ नये असे माझे म्हणणे नाही. पाणीपुरी चांगली असते.)

पुढे महालातली देवळे, वाडे, चिटणवीसांचा वाडा, त्याचे लाकूडकाम हे सर्व झाले. भोसल्यांचा मुख्य राजवाडा काळ्या दगडाचा होता, त्यावर कोरीव लाकडाची कलाकुसर होती. तो १८६४ मध्ये जळाला. त्याआधी दहा वर्षे, तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा राजघराण्याच्या जडजवाहिरांचा लिलाव झाला होता. हे ऐकताना आमच्या घोळक्यात हळहळ पसरली. एका बाईंनी तर डोळे पुसले.

इथपर्यंत मीही सर्वांच्या बरोबर होते. पण चालता चालता माझ्या मनात प्रश्न उभा राहिला की जो राजवाडा जळून गेला त्याच्यासाठी आपण हळहळतो, आणि जे शहर जळालेले नाही, जे आपल्या दोन्ही बाजूंना जिवंत उभे आहे, त्याच्याकडे पाहायला आपल्याजवळ वेळ का नाही? आम्ही इतवारीच्या बाजूने ज्या गल्ल्यांतून गेलो त्यांची नावे नुसती ऐका : सराफा ओळी, किराणा ओळी, लोहा ओळी. पलीकडे चितार ओळी. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, इतवारी ही आठवडी बाजारांची नावे. म्हणजे या शहराने आपल्या पेठांना राजांची नावे दिली नाहीत, कामांची दिली आणि वारांची दिली. कोण काय करतो आणि बाजार कोणत्या दिवशी भरतो, एवढेच या गावाला महत्त्वाचे वाटले. माझ्या मते जुन्या नागपूरबद्दल सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे, आणि ती त्या दिवशी कुणी सांगितली नाही.

चितार ओळीबद्दल "लुप्त होत चाललेली कला" असे एक वाक्य आले. तिथले मूर्तिकार हे ऐकतील तर हसतील. पोळ्यानंतर गणपतीच्या आधी त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या माणसांना मातीचा भाव, जागेचे भाडे, मुलगा हा धंदा करील की नाही, असल्या चिंता आहेत. लुप्त होण्याएवढी फुरसत त्यांना नाही. आणि मारबतीचे काय? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, काळीची सुरुवात १८८१ ची आणि पिवळीची १८८५ ची सांगतात. काळ्या मारबतीशी बांकाबाई भोसल्यांचे नाव जोडतात, इंग्रजांना त्या मिळाल्या या रागातून. राजघराण्यावरचा लोकांचा राग बांबूकागदाच्या पुतळ्यात भरून त्याची मिरवणूक काढायची आणि शेवटी तो जाळायचा, असा इतिहास जगात कितीशा गावांनी जपला असेल? बडग्यांवर तर दरवर्षी महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणाचीही गय होत नाही. पदयात्रेत मारबतीला एक मिनिट मिळाले. चिटणवीसांच्या वाड्याला वीस.

शंकर महाले यांचे नावच आले नाही. हिंदुस्थान लाल सेनेचा हा नागपूरचा मुलगा ४२ च्या चळवळीत पकडला गेला आणि १९ जानेवारी १९४३ ला नागपूरच्या तुरुंगात फाशी गेला. वय वर्षे अठरा. माझ्याहून एका वर्षाने लहान.

फेरीचा शेवट भोजनाने होता, आणि भोजन अर्थातच सावजी. त्यासाठी घोळका गोळीबार चौकाकडे वळला, म्हणजे आमच्याच भागात. आमच्या शेजारच्या घराला जुने लाकडी दार आहे. त्याचे फोटो निघू लागले. आजी ओट्यावर बसली होती. तिने त्या घोळक्यात मला पाहिले आणि मोठ्याने विचारले, "काऊन वं, हे कोन लोकं होत? दाराचा फोटो कायले काढून रायले?" मी म्हटले, "आजी, हे जुनं नागपूर पाह्याले आले." त्यावर ती म्हणाली, "मंग घरात ये म्हना. दारात काय हाये?"

कुणी घरात आले नाही. वेळ झाली होती आणि रस्सा तयार होता. आले असते तर त्यांना एक गोष्ट दाखवता आली असती. आमच्या पुढच्या खोलीत खाटेखाली फरशीचा एक तुकडा वेगळ्या रंगाचा आहे. तिथे आजोबांचा खड्डामाग होता. विणकराने खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा. आजी कांड्या भरून द्यायची. रेशीमकाठी लुगडी आणि धोतरे ही एके काळी नागपूरची मोठी ओळख होती. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञीपद मिळाले त्याच दिवशी, म्हणून ते नाव. गिरणीच्या सुताचा आणि कापडाचा धक्का मागाला बसला, तरी माग लगेच मेला नाही. काठाच्या लुगड्यावर तो पुढेही पोट भरत राहिला. मग यंत्रमाग आले, लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या. गंमत अशी की ज्या गिरणीने मागाला धक्का दिला तीही टिकली नाही. १९८६ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले, २००२ मध्ये ती बंद पडली, आणि आज तिच्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे. आमचा खड्डा बाबांनी भरून घेतला, वर फरशी बसवली. बाबा किराणा ओळीत हमाली करतात. मागाची लाकडे काही वर्षे माळ्यावर होती, आता त्यांतल्या एका फळीवर माझी पुस्तके आहेत.

आता विचार करा. त्या दुपारी सर्वांनी घाम पुसत, पाणी पीत सावजीचा रस्सा ओरपला आणि "व्वा, नागपूरची खासियत" म्हणून मान डोलावली. हे जेवण विणकरांच्या घरचे आहे, कोष्ट्यांच्या चुलीवरचे आहे. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्यांच्या घरातला मसाला आज शहरभर पाट्यांवर गेला, आणि माग मात्र खाटेखाली गाडला गेला. एका समाजाचा रस्सा चाखायचा आणि त्याचा इतिहास विचारायचा नाही, हा न्याय मला तरी पटत नाही. वाड्याला कोरीव खांब असतो, म्हणून वाडा 'वारसा' ठरतो. विणकराच्या घराला बाहेरून दाखवण्यासारखे काही नसते. ज्यांच्या इतिहासाला दर्शनी बाजू नाही, त्यांचा इतिहास सांगायला तोंडच लागते, छायाचित्र पुरत नाही.

आणि तोंड कोणत्या भाषेत उघडायचे? ती सबंध फेरी इंग्रजीत झाली. पंचविसांत इंग्रजीशिवाय न समजणारे फार तर पाच असतील. ओट्यांवर बसलेल्या, दुकानांत उभ्या असलेल्या शंभर लोकांना मात्र आपल्याच गल्लीबद्दल काय सांगितले जात आहे ते कळत नव्हते. चुकले तर दुरुस्त कोण करणार? आजीच्या घराबद्दल आजीसमोर बोलायचे आणि आजीला कळू द्यायचे नाही, याला मी सभ्यपणा म्हणणार नाही.

आमच्याच वर्गातले काही मित्र म्हणतील, एवढे कशाला मनावर घेतेस? हा जुना भाग आता राहण्यालायक उरला नाही. उघडी गटारे, जागेसाठी भाऊबंदकीचे दावे, स्कूटर उभी करायला जागा नाही. ज्याला जमेल त्याने बेसा-मनीषनगरला फ्लॅट घ्यावा. ज्या नाग नदीवरून गावाचे नाव पडले तिच्या काठाने नाकाला रुमाल लावून जावे लागते, हेही खरे. यात खोटे काहीच नाही. वाड्यांची स्तुती करणारे पुष्कळदा विसरतात की तिथे राहणाऱ्या बाईला पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागतात. केळीबाग रस्ता रुंद करताना जुनी बांधकामे पाडली गेली, तेव्हा वारसाप्रेमी मंडळी हळहळली. माझे बाबा म्हणाले, "ठेला आता सरळ निंघते." ज्याला माल ओढावा लागतो त्याच्या दृष्टीने रुंद रस्ता म्हणजे पाठीला आराम. हे दोन्ही खरे धरून बोलेल तोच खरा बोलेल.

पण इथून सगळे निघून गेले तर काय उरते, याचाही दाखला जगात आहे. इटलीतील व्हेनिस पाहायला लोटच्या लोट येतात. तिथे २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्याला पाच युरो प्रवेशशुल्क लावले. आणि त्या जुन्या शहरात कायम राहणारी माणसे २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली आली. शहर उभे आहे, तिकीटही आहे, शेजारी मात्र नाहीत. उलट पोलंडमधील वॉर्सा पाहा. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी तिथला जुना भाग जवळजवळ भुईसपाट केला. लोकांनी जुनी चित्रे, जुने नकाशे समोर ठेवून तो पुन्हा उभारला आणि त्यात राहायला गेले. १९८० साली युनेस्कोने जागतिक वारशात त्याची नोंद केली. म्हणजे वास्तविक पाहता 'नव्या' घरांची केली! त्या विटा जुन्या नव्हत्या, पण ज्यांचे ते गाव होते त्यांची आठवण शाबूत होती. आपल्याकडे विटा अजून आहेत, आणि आठवण सांगणाऱ्या आज्या एकेक करून चालल्या आहेत.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही याचा मी बराच विचार केला. १७ मार्च २०२५ ला याच महालात दंगल झाली, संचारबंदी लागली, शहरातली दुकाने दिवसेंदिवस बंद राहिली. बाबांची हमाली तेवढे दिवस बुडाली. वाद औरंगजेबाच्या कबरीवरून होता. ज्या राजाने हे शहर वसवले त्याने औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारला होता, 'बख्त बुलंद' हे नाव त्याला तिथेच मिळाले, आणि परत येऊन त्याने हिंदू-मुसलमान कारागीर आणि शेतकरी आणून इथे बसवले, जुम्मा दरवाजा अरबांनी लढवला, हे त्या गल्ल्यांतून धावणाऱ्या किती मुलांना ठाऊक होते? ठाऊक असते तर दंगल झालीच नसती, असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण ज्या भिंतीवर आपण दगड मारतो ती कुणी बांधली हे माहीत असणे आणि नसणे यांत काहीच फरक नाही, असेही मला वाटत नाही. हा इतिहास पाच-पंचवीस हौशी पाहुण्यांना सशुल्क सांगण्याआधी महालातल्या आणि हंसापुरीतल्या शाळकरी मुलांना फुकट सांगायला हवा होता.

आमच्या एका प्राध्यापकांशी मी यावर बोलले. त्यांचे मत असे पडले की निदान कुणीतरी येऊन पाहते आहे, त्याला नावे कशाला ठेवायची? त्यांचे म्हणणे मी आदरपूर्वक ऐकले. पण नावे ठेवणे हा माझा हेतूच नाही. पाहुण्याने यावे. फक्त घर दाखवायचा मान घरच्याचा असतो, आणि आपल्या या महाविद्यालयात घरचे पुष्कळ आहेत. हजेरीपट चाळून पाहावा. तांडापेठ, नाईक तलाव, मस्कासाथ, चितार ओळी, जुनी शुक्रवारी असे पत्ते पानोपानी सापडतील. कुणाचा बाप सराफ्यात डाग घडवतो, कुणाच्या घरी मूर्ती होतात, कुणाची आजी अजून लुगडे नेसते. इतिहासाच्या तासाला आपण फ्रेंच राज्यक्रांती पाठ करतो, ती केलीच पाहिजे. पण गृहपाठ म्हणून आपल्या गल्लीचे नाव कसे पडले एवढे तरी एकदा विचारून लिहून आणायला काय हरकत आहे?

म्हणून इतिहास आणि मराठी विभागाकडे आम्ही सातआठ विद्यार्थ्यांनी एक अर्ज दिला आहे. मागणी मोठी नाही. दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी मराठीतून पदयात्रा काढावी. गांधीसागरच्या काठापासून निघावे, जुम्मा दरवाजा, गोंड राजांचा किल्ला, महाल, चितार ओळी, इतवारी असे करत गोळीबार चौकात थांबावे. प्रत्येक ओळीत बोलण्याचा मान त्या ओळीतल्या विद्यार्थ्याला किंवा त्याच्या घरच्या वडीलधाऱ्याला द्यावा, प्राध्यापकांनी शेजारी उभे राहून सनावळी दुरुस्त करावी. शुल्क घेऊ नये. घेतलेच तर ज्याच्या ओट्यावर बसलो त्याच्या चहाचे पैसे त्यातून जावेत. कुणाचा फोटो काढण्याआधी त्याला विचारावे. रात्रीच्या फेऱ्या काढण्याची टूम हल्ली निघाली आहे, ती मुलींना परवडणारी नाही. सकाळी सातची वेळ बरी, तेव्हा ओळी झाडल्या जात असतात आणि हमालांचे ठेले अजून यायचे असतात.

अर्जावर अद्याप उत्तर आलेले नाही, परीक्षांची धांदल आहे हे समजू शकते. तोवर मी घरी परवानगी काढून ठेवली आहे. बाबांनी खाट हलवायचे कबूल केले. आजीची अट एकच आहे, पंधराच्या वर माणसे एकदम घरात घ्यायची नाहीत, कारण कप तेवढेच आहेत.